आउटबोर्ड एंजिनातील इंधनाच्या लहान झडपा : तपासणी आणि बदल

होडीच्या पिछाडीच्या फळीवर बाहेरून अडकविता येणारे, आणि एंजिन, उभा दांडा व पाण्यातील पंखा ही तिन्ही अंगे एकाच सांगाड्यात सामावून घेणारे यंत्र म्हणजे आउटबोर्ड एंजिन. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात स्थायिक झालेल्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ साली अशी यंत्रे व्यापारी प्रमाणावर तयार करण्यास प्रारंभ केला. त्या पहिल्या यंत्रास एकच सिलिंडर होते आणि त्याची शक्ती अवघी दीड अश्वशक्ती होती. पुढे या यंत्राचा प्रसार जगभरच्या मच्छीमार वस्त्यांमध्ये झाला.

भारतात या यंत्राने सर्वांत खोल ठसा उमटविला तो केरळच्या किनाऱ्यावर. १९५३ साली नीण्डकरा येथे सुरू झालेल्या भारत-नॉर्वे प्रकल्पाने मोठ्या यांत्रिक बोटींना चालना दिली. परंतु लहान पारंपरिक होड्या त्यानंतरही दीर्घकाळ वल्ह्यांवर व शिडांवरच चालत राहिल्या. १९८० नंतरच्या दशकात मात्र परदेशातून आलेली, रॉकेलवर चालणारी दोन धावांची आउटबोर्ड एंजिने या होड्यांवर झपाट्याने बसविली गेली. तिरुवनंतपुरम येथे १९८० साली स्थापन झालेल्या 'साउथ इंडियन फेडरेशन ऑफ फिशरमेन सोसायटीज' या सहकारी महासंघाने अशा यंत्रांच्या दुरुस्तीसाठी कार्यशाळाही चालविल्या. १९८८ पासून केरळात पावसाळ्याच्या काळात ट्रॉलबोटींच्या मासेमारीवर बंदी घालण्यात येऊ लागली. लहान मोटार-होड्यांना मात्र समुद्रावर जाण्याची मुभा राहिली. याचा अर्थ असा, की समुद्र जेव्हा अत्यंत खवळलेला असतो, तोच या होड्यांच्या कमाईचा काळ होय. किनाऱ्याजवळ फुटणाऱ्या लाटांच्या रांगेतून होडी बाहेर काढताना किंवा आत आणताना एंजिन अर्ध्या मिनिटासाठी जरी बंद पडले, तरी होडी लाटेस आडवी होते आणि उलटते.

अशा प्रसंगी एंजिन बंद पडण्याचे कारण पुष्कळदा एखादा मोठा भाग तुटणे हे नसते. नखाएवढ्या आकाराची एखादी झडप नीट मिटत नाही, एवढेच ते कारण असते. या प्रकरणात अशा झडपांचे कार्य, त्यांच्या दोषांची लक्षणे आणि त्या बदलण्याची रीत यांचा विचार केला आहे.

इंधन हेच वंगण

दोन धावांच्या एंजिनास झडपा नसतात, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. मोटारगाडीच्या चार धावांच्या एंजिनात असतात तशा झडपा सिलिंडराच्या डोक्यावर नसतात, एवढ्यापुरते ते खरे आहे. दट्ट्या वर-खाली होताना सिलिंडराच्या भिंतीतील छिद्रे स्वतःच उघडतो व झाकतो. परंतु इंधन टाकीतून सिलिंडरापर्यंत पोहोचते ते मात्र अनेक लहान झडपा ओलांडूनच.

या एंजिनाचे दुसरे वैशिष्ट्य अधिक महत्त्वाचे आहे. चार धावांच्या एंजिनात तळाशी तेलाचा साठा असतो आणि ते तेल पंपाने सर्वत्र फिरविले जाते. जुन्या दोन धावांच्या एंजिनात असा साठा नसतो. तेल इंधनातच मिसळलेले असते. अगदी जुन्या यंत्रांत २४ भाग इंधनास १ भाग तेल असे प्रमाण सामान्यतः असे; पुढील काळातील पेट्रोलवरील अनेक यंत्रांत ते ५० भागांस १ भाग इतके कमी झाले. प्रत्येक यंत्राच्या निर्मात्याने दिलेले प्रमाण हेच त्या यंत्रापुरते प्रमाण मानावे. इंधन-हवेचे मिश्रण प्रथम क्रँककेसमध्ये, म्हणजे भुजादंड ज्या बंद पेटीत फिरतो त्या पेटीत शिरते. तेथे तेलाचे कण बेअरिंगांवर व दट्ट्यावर बसतात आणि उरलेले मिश्रण सिलिंडरात जाऊन जळते.

यातून एक निष्कर्ष निघतो. इंधन कमी पडले की केवळ शक्ती कमी होते असे नाही. वंगणही तेवढेच कमी पडते. शिवाय इंधन कमी व हवा जास्त असलेले मिश्रण जळताना सिलिंडराचे तापमान वाढते. उष्णता वाढलेली आणि तेल घटलेले, अशा दुहेरी संकटात दट्ट्या फुगून सिलिंडरात घट्ट रुतून बसतो. थोडक्यात, दोन धावांच्या एंजिनात इंधनाची झडप ही वंगणाचीही झडप असते. तिच्याकडे दुर्लक्ष करणे म्हणजे तेल न घालता यंत्र चालविण्यासारखे आहे.

इंधनाचा मार्ग आणि त्यावरील झडपा

इंधनाच्या मार्गाने टाकीपासून एंजिनाकडे क्रमाने जावे, म्हणजे एकही झडप नजरेतून सुटत नाही.

टाकीच्या झाकणावर हवेचा एक स्क्रू असतो. इंधन बाहेर पडेल तेवढी हवा आत यावी, हे त्याचे काम. एंजिन चालू असताना तो उघडा असला पाहिजे. त्यानंतर नळीच्या मध्ये रबरी फुगा असतो. हा फुगा दाबून एंजिन सुरू करण्यापूर्वी इंधन पुढे ढकलले जाते. फुग्याच्या दोन्ही तोंडांशी एकेक एकदिश झडप असते. अशी झडप द्रवाला एकाच दिशेने जाऊ देते. फुग्यावरील बाण नेहमी एंजिनाकडे असावा.

रॉकेलवरील यंत्रांत येथे आणखी एक भाग येतो. रॉकेल थंड एंजिनात सहजासहजी वाफ होत नाही. म्हणून यंत्र पेट्रोलवर सुरू करून ते तापल्यावर रॉकेलवर न्यावे लागते, आणि थांबविण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणावे लागते. त्यासाठी दोन टाक्यांच्या मार्गांवर एक फिरती तोटी असते. ती आतून गळू लागली की दोन्ही इंधने एकमेकांत मिसळतात आणि थंड एंजिन सुरू होण्यास कुरकुर करते.

पुढे इंधनपंप. त्यात एक लवचीक पडदा असून त्याची एक बाजू क्रँककेसशी छिद्राने जोडलेली असते. दट्ट्या वर गेला की क्रँककेसमधील दाब घटतो आणि पडदा आत ओढला जातो. त्या क्षणी आगम झडप उघडून टाकीकडील इंधन पंपात येते. दट्ट्या खाली आला की दाब वाढतो आणि पडदा बाहेर लोटला जातो. आता आगम झडप मिटते, निर्गम झडप उघडते आणि इंधन कारब्युरेटरकडे जाते. या झडपा म्हणजे पातळ प्लास्टिकची पाती किंवा रबराच्या लहान चकत्या असतात. एंजिन मिनिटाला ४,५०० फेरे घेत असेल, तर त्यातील प्रत्येक झडप सेकंदाला ७५ वेळा उघडते व मिटते. चार तासांच्या फेरीत ही संख्या दहा लाखांच्या वर जाते. एवढ्या पातळ पातीची कड कालांतराने वळावी किंवा चिरावी, यात नवल नाही.

कारब्युरेटरच्या वाटीत तरंगक असतो. वाटी भरली की तो वर उचलला जातो आणि सुई-झडपेने इंधनाचा मार्ग बंद करतो. कारब्युरेटर व क्रँककेस यांच्यामध्ये पाती-झडप असते. आत आलेले मिश्रण परत बाहेर जाऊ नये, याची ती काळजी घेते.

शेवटी निचऱ्याच्या झडपा. आउटबोर्ड एंजिनात भुजादंड उभा असतो आणि सिलिंडर एकावर एक रचलेले असतात. मिश्रणातील जे इंधन व तेल वाफ न होता थिजते, ते प्रत्येक क्रँककेसच्या तळाशी साचते. ते शोषून दुसऱ्या सिलिंडराच्या मार्गात सोडण्यासाठी बारीक नळ्या आणि हरभऱ्याएवढ्या एकदिश झडपा बसविलेल्या असतात. काही रचनांत हेच तेलकट इंधन वरच्या बेअरिंगला वंगण म्हणून पुरविले जाते. रॉकेल कमी बाष्पशील असल्यामुळे रॉकेलवरील यंत्रांत या निचऱ्याचे महत्त्व अधिक आहे.

लक्षणांवरून दोषाकडे

हत्यार हाती घेण्यापूर्वी लक्षणे नीट वाचावीत. पुढील निरीक्षणे बहुतेक जुन्या यंत्रांस लागू पडतात.

एंजिन मंद गतीवर सुरळीत चालते, पण पूर्ण वेगावर काही वेळाने दमते, आणि फुगा दाबताच पुन्हा सावरते. अशा वेळी पंपाच्या झडपा किंवा पडदा सदोष असण्याचा संभव मोठा असतो. आगम झडप पुरती मिटत नसली, तर प्रत्येक धावेत थोडे इंधन मागे टाकीकडे परतते. मंद गतीवर मागणी कमी असल्याने उणीव जाणवत नाही. वेग वाढला की ती उघडी पडते. फुगा दाबत दाबत किनारा गाठण्याची सवय अनेकांना असते. ती अडचणीच्या प्रसंगी उपयुक्त असली तरी तो उपचार नव्हे. अशा अवस्थेत पूर्ण वेगावर घालविलेले प्रत्येक मिनिट दट्ट्याच्या आयुष्यातून वजा होते.

चालू एंजिनात फुगा आत ओढला जाऊन चपटा होत असेल, तर अडथळा टाकीच्या बाजूस आहे: हवेचा स्क्रू बंद, टाकीतील जाळी तुंबलेली, किंवा फुग्याची मागील झडप चिकटलेली. कितीही दाबले तरी फुगा टणक होत नसेल, तर नळीत हवा शिरत आहे, फुग्याची झडप गळत आहे, किंवा सुई-झडप मिटत नाही. शेवटच्या कारणाची खूण म्हणजे कारब्युरेटरमधून इंधन ठिबकणे.

एकाच सिलिंडराचा स्पार्क प्लग ओला व काळा निघत असेल, तर पंपाचा पडदा फाटून इंधन क्रँककेसच्या छिद्रातून थेट त्या सिलिंडरात जात असावे. कारब्युरेटरच्या तोंडातून इंधनाचा फवारा मागे उडत असेल, तर पाती-झडपेचे पाते तुटले किंवा वाकले आहे. मंद गतीवर बराच वेळ चालल्यानंतर वेग वाढविताच एंजिन गुदमरून दाट धूर सोडत असेल, तर निचऱ्याची झडप बंद अवस्थेत अडकून तळाशी इंधन साचले असावे. तीच झडप उघडी राहिली, तर क्रँककेसचा दाब निसटतो आणि मंद गती अस्थिर होते.

बदलण्यापूर्वीची सिद्धता

काम मोकळ्या हवेत करावे. जवळपास चूल, कंदील, विडी यांपैकी काहीही नसावे. स्पार्क प्लगांच्या तारा काढून ठेवाव्यात. बॅटरी असल्यास तीही सोडवावी. नळीतील व वाटीतील इंधन झाकणाच्या डब्यात काढून घ्यावे. वाळूवर बसून पंप उघडू नये. किनाऱ्यावरील वाळूचा एक कण झडपेच्या बैठकीवर अडकला, तर नवी झडपही जुन्यासारखीच गळते. पंप व कारब्युरेटर बाहेरून ब्रशाने व रॉकेलने स्वच्छ करून, कोरडे पुसून मगच उघडावेत.

प्रत्येक नळीस वेगळ्या रंगाचा दोरा बांधावा आणि कागदावर साधी आकृती काढावी. एका वेळी एकच भाग उघडावा. काढलेले तुकडे पांढऱ्या फडक्यावर, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडावेत. नवा संच त्याच नमुन्याच्या यंत्राचा आहे ना, हे जुन्या तुकड्यांशी जुळवून पाहावे. जुने तुकडे काम पूर्ण होईपर्यंत टाकून देऊ नयेत.

पंपाच्या झडपा

पंपाच्या झाकणाचे स्क्रू एकदम न काढता समोरासमोरील जोडीने थोडे थोडे सैल करावेत. पडदा प्रकाशासमोर धरून बारीक छिद्रे व ताठरपणा पाहावा. झडपेचे पाते सपाट काचेवर ठेवावे. कड उचललेली दिसली, तर ते निकामी समजावे. धातूची बैठक इंधनात भिजविलेल्या मऊ कापडाने पुसावी. पान्याने किंवा तारेने कधीही खरवडू नये. रबरी व प्लास्टिकचे भाग कारब्युरेटर धुण्याच्या तीव्र द्रावणात बुडवू नयेत.

पडदा, गॅस्केट आणि दोन्ही झडपा एकत्रच बदलाव्यात. एक झडप जीर्ण झाली असेल, तर तिच्याच वयाची दुसरी फार मागे नसते. आगम व निर्गम झडपा विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. त्यांची अदलाबदल झाली, तर पंप इंधन पुढे ढकलणारच नाही. गॅस्केट कोरडेच बसवावे. गळती थांबविण्यासाठी लावलेला चिकट लेप सुटून झडपेखाली जातो व नवा दोष निर्माण करतो. स्क्रू पुन्हा समोरासमोरील जोडीनेच आवळावेत. अति जोर केल्यास झाकण वाकते.

सुटा भाग मिळाला नाही म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून पडदा किंवा झडप बनविण्याचा मोह होतो. हा मोह टाळलाच पाहिजे. ट्यूबचे रबर पेट्रोलमध्ये व रॉकेलमध्ये फुगते आणि मऊ पडते. किनाऱ्यावरील चाचणीत असा तुकडा उत्तम काम देतो. तो दगा देतो तो काही तासांनी, म्हणजे नेमका होडी दूर असताना.

सुई-झडप आणि निचऱ्याच्या झडपा

सुईच्या टोकावर बोट फिरविले असता गोल खाच जाणवली, तर सुई बदलावी. बैठक सुटी निघत असल्यास तीही बदलावी. तरंगक हलवून पाहावा. आत इंधन शिरल्याचा आवाज आला, तर तो निरुपयोगी होय. जोडणी झाल्यावर कारब्युरेटरचे अंग उलटे धरावे. पुष्कळ नमुन्यांत या स्थितीत तरंगक अंगाच्या कडेशी समांतर असावा लागतो; नेमके माप निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेले असते.

निचऱ्याच्या झडपा जुन्या यंत्रांत बहुधा उष्णतेने ठिसूळ झालेल्या असतात. नळी ओढून काढू नये; ती उभी चिरून सोडवावी, म्हणजे झडपेचे तोंड मोडत नाही. मोडलेला तुकडा आत पडला, तर संपूर्ण एंजिन उघडावे लागते. काढलेल्या झडपेस नळीचा तुकडा व लहान रबरी पिचकारी जोडून दोन्ही बाजूंनी हवा सोडून पाहावी. एका दिशेने हवा सहज जावी आणि दुसऱ्या दिशेने मुळीच जाऊ नये. ही परीक्षा तोंडाने फुंकून करू नये, कारण इंधन विषारी आहे. नवी झडप जुन्याच दिशेने बसवावी. दिसायला सारखी परंतु दुसऱ्या कामासाठी बनविलेली झडप घेऊ नये. ती उघडण्यास लागणारा दाब निराळा असू शकतो आणि मग निचरा होतच नाही.

चाचणी

जोडणी पूर्ण झाल्यावर फुगा दाबून टणक करावा आणि काही मिनिटे प्रत्येक सांधा कोरडा राहतो का, ते पाहावे. त्यानंतरच प्लगांच्या तारा जोडाव्यात. एंजिन कोरडे चालवू नये. थंड करणारे पाणी शोषून घेण्याचे छिद्र पूर्ण बुडेल एवढ्या पाण्याच्या पिंपात ते ठेवूनच सुरू करावे. अन्यथा पाण्याच्या पंपाचे रबरी चक्र थोड्याच वेळात जळते.

पिंपातील चाचणी मंद गतीपुरतीच असते. खरी परीक्षा भाराखाली, म्हणजे पाण्यावर होते. शांत पाण्यात, किनारा जवळ ठेवून, वल्ही सोबत घेऊन दहा मिनिटे पूर्ण वेगाने होडी चालवावी आणि एंजिन त्याच वेगावर थांबवून प्लग काढून पाहावेत. फिकट तपकिरी रंग हे योग्य मिश्रणाचे लक्षण. पांढुरका, भाजल्यासारखा रंग इंधनाच्या कमतरतेचे. ओला काळा रंग अतिरेकाचे. पांढुरका प्लग दिसला, तर यंत्र उत्तम धावत असले तरी ते समुद्रावर नेऊ नये.

नवे इंधन, जुने रबर

जुन्या यंत्रांपुढे आता एक नवी अडचण आली आहे. अलीकडच्या वर्षांत मच्छीमारांना मिळणाऱ्या सवलतीच्या रॉकेलचा पुरवठा घटत गेल्याने पेट्रोलचा वापर वाढला. त्याच काळात पेट्रोलचेही स्वरूप बदलले. भारतात २०२२ साली पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य गाठले गेले, आणि २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल विक्रीस येऊ लागले. काही दशकांपूर्वी बनविलेल्या झडपा, पडदे व नळ्या अशा मिश्रणासाठी योजलेल्या नव्हत्या. त्यांतील अनेक जातींचे रबर इथेनॉलने फुगते किंवा ठिसूळ होते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते. दमट किनारी हवेत अर्धी भरलेली टाकी दीर्घकाळ पडून राहिली, तर पाणी व इथेनॉल तळाशी वेगळे होऊ शकतात. त्या थरात तेल नीट मिसळत नाही; म्हणजे पुन्हा वंगणाचाच प्रश्न उभा राहतो. म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे भाग मागून घ्यावेत, मिश्रण लागेल तेवढेच तयार करावे आणि हंगाम संपताच टाकी व वाटी रिकामी करावी.

झडपांचा संच बदलण्याचा दिवस यंत्र बिघडल्यावर ठरवावयाचा नसतो. पावसाळी हंगामापूर्वी, होडी किनाऱ्यावर ओढलेली असताना, ही तपासणी नियमाने करावी. होडीवर एका घट्ट झाकणाच्या डब्यात एक फुगा, पंपाचा एक संच, दोन प्लग, हातभर नळी, तिच्या पकडी आणि पेचकस व पाना एवढे साहित्य सदैव असावे. या वस्तूंचे वजन एका मध्यम माशाहून अधिक नाही. परंतु फुटणाऱ्या लाटांपलीकडे थांबलेल्या होडीतील माणसांचे परतणे कित्येकदा त्यांच्यावरच अवलंबून असते.